भेग, तडा की फट? जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेण्याआधी

जुनी इलेक्ट्रिक गिटार विकणारा माणूस फोटोंबरोबर एक वाक्य हमखास पाठवतो: ‘छोटासा क्रॅक आहे, बाकी ओके.’ हे वाक्य शंभर टक्के खरं असू शकतं, आणि याच वाक्यापायी तुमचे पंधरा हजार पाण्यात जाऊ शकतात. अडचण ‘क्रॅक’ या शब्दात आहे. इंग्रजीत सगळ्याला एकच शब्द. मराठीत आपण टाचेला भेग म्हणतो, आरशाला तडा म्हणतो, आणि दाराच्या दोन फळ्यांमधून उजेड येतो तिला फट म्हणतो. गिटारवर हे तिन्ही प्रकार सापडतात. रंगाला पडते ती भेग, लाकडाला जातो तो तडा, आणि सांध्यात दिसते ती फट. एवढं ओळखता आलं तर निम्मं काम झालं.

आपल्याकडे अशा गिटार येतात कुठून? लखनौचे व्हॅन शिपली हे ख्रिस्ती वादक मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाइयन इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. त्यांच्या रेकॉर्डमुळे ती वाजवायची हौस घराघरात पोचली. पुढे साठच्या दशकात बीट ग्रुपांचं वेड आलं. परदेशी माल सहज मिळत नव्हता. कुणी जहाजावर नोकरी करणाऱ्या नातेवाइकाकडून मागवली, कुणी मुंबईच्या धोबी तलावावरून घेतली, आणि पुष्कळांनी कोलकात्यात बनलेल्या गिटारवर भागवलं. तीच वाद्यं आता कपाटावरून खाली उतरतायत. नाव मात्र नीट वाचा: कोलकात्याची ‘गिवसन’ आणि अमेरिकेची ‘गिब्सन’ यांत एका अक्षराचा फरक आहे, आणि किमतीत काही पट.

तडे तपासताना एक प्रश्न सतत मनात ठेवायचा: या जागेवर ओझं आहे का? सहा तारा सुरात लावल्या की त्यांची एकूण ओढ सुमारे ४५ किलो भरते. म्हणजे जवळजवळ एका सिमेंटच्या पोत्याइतकी. ही ओढ खुंट्यांपासून मानेवरून ब्रिजपर्यंत जाते (सतारीत ज्याला घोडी म्हणतात, तोच इथला ब्रिज). या वाटेवरची प्रत्येक चीर गंभीरपणे घ्यायची. वाटेबाहेरची बहुतेक वेळा फक्त दिसायला वाईट असते. साध्या पोकळ गिटारची वरची फळी फाटली तर आवाजच बिघडतो, कारण तिथे फळी बोलते. भरीव इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेची थरथर चुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी, म्हणजे पिकअप, पकडतात. म्हणून तिच्या बॉडीच्या कडेला गेलेली चीर ऐकू येत नाही.

आता आधी भेग. पन्नासच्या दशकात फेंडर आणि गिब्सन या दोन्ही कंपन्या नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरायच्या. हा थर पातळ असतो आणि वर्षं सरतील तसा कडक, ठिसूळ होतो. खालचं लाकूड फुगतं-आकसतं, वरचा थर तेवढा ताणला जात नाही, मग त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात. अशा रेषा पुष्कळ असतात, बहुधा लाकडाच्या रेषांना आडव्या जातात, आणि नख फिरवलं तर ते सहसा अडकत नाही. या भेगांना घाबरू नका. जुन्या वाद्यात त्या वयाचा पुरावाच मानल्या जातात. साठच्या दशकाच्या अखेरीस फेंडरने जाड पॉलिएस्टरचा थर वापरायला सुरुवात केली. त्याला असं जाळं सहसा पडत नाही, तो टवका उडाल्यासारखा निघतो.

भेगेसारखी दिसणारी आणखी एक रेषा फेंडर पद्धतीच्या गिटारवर मान जिथे बॉडीत बसते तिथे असते. ही मान चिकटवलेली नसते, मागून स्क्रूने आवळलेली असते. तिच्यासाठी कोरलेल्या खोबणीची एक भिंत खूप पातळ असते, त्यामुळे तिच्या कोपऱ्यातून रंगाला रेघ जाते. मान हाताने हळूच बाजूला ढकलून बघा. ती हलली नाही आणि तारा फ्रेटबोर्डच्या मधोमध राहिल्या, तर ती रेघ रंगापुरतीच समजायला हरकत नाही.

खरी भीती तड्याची, आणि त्याची सगळ्यात कुप्रसिद्ध जागा म्हणजे गिब्सनच्या मानेचं वरचं टोक. जिथे खुंट्या असतात तो भाग, हेडस्टॉक, मागे १७ अंशांनी झुकलेला असतो. मान आणि हेडस्टॉक एकाच महोगनीच्या तुकड्यातून कापलेले. लाकडाच्या रेषा मानेत सरळ धावतात, पण हेडस्टॉक वळतो तिथे त्या मध्येच तुटतात. सरपण फोडणाऱ्या कुणालाही विचारा, लाकूड रेषांच्या बाजूने किती सहज फाटतं. त्यात भर म्हणजे मानेतल्या लोखंडी कांबीचा, ट्रस रॉडचा, नट बसवायला नेमकं तिथलंच लाकूड कोरून काढलेलं. गिटार स्टँडवरून पाठीवर पडली की हेडस्टॉक आधी जमिनीला लागतो आणि तिथेच मोडतो. कंपनीलाही हे कळत होतं. साठच्या दशकाच्या मध्यावर तिने कोन १४ अंशांवर आणला, आणि त्या दशकाच्या अखेरीपासून मानेच्या मागे त्या जागी लाकडाचा उंचवटा ठेवायला सुरुवात केली. फेंडरचा हेडस्टॉक मागे झुकलेला नसतो, म्हणून ही मोड तिथे कमी दिसते.

दुसरी जागा ब्रिजची. त्याचे खुंट किंवा स्क्रू ज्या भोकांत बसतात, तिथून लाकडाच्या रेषेत तडा निघाला असेल आणि ब्रिज पुढे झुकलेला असेल, तर ४५ किलोंची ओढ तो तडा रोज थोडा उघडत असते.

उरली फट. बॉडी बऱ्याचदा दोन-तीन तुकडे जोडून केलेली असते. डिंक सुटला की सरळ, सुरीने आखल्यासारखी रेषा दिसते. इथे आपल्या भागाची हवा आठवा. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर, आणि जुलैत वैनगंगा दुथडी. पावसाळ्यात आपल्या घरांची सागवानी दारं फुगून अडकतात आणि उन्हाळ्यात त्यांच्यातून उजेड दिसतो. गिटारचं लाकूडही तेच करतं. त्यामुळे पावसाळ्यात बंद दिसलेली फट उन्हाळ्यात उघडू शकते. सुटलेला सांधा पुन्हा डिंक लावून क्लॅम्पमध्ये आवळता येतो, हे फटीचं चांगलं लक्षण. मात्र आत कुणी आधीच झटपट चिकटणारा गोंद ओतला असेल तर काम अवघड होतं, कारण त्याच्यावर नवा डिंक लाकूड धरत नाही.

पाहायला जाताना मोबाइलचा टॉर्च पुरतो. दिवा समोरून मारू नका, पृष्ठभागालगत तिरपा धरा. चीर असेल तर तिची सावली पडते. नख आडवं फिरवा. रेघ मानेच्या मागून पुढे वळते का, दोन्ही बाजूंना दिसते का, ते बघा. मग तारा सुरात लावून रेघेचा फोटो काढा, दहा मिनिटं वाजवा, पुन्हा फोटो काढा. रेघ रुंदावली किंवा सूर सारखे उतरत राहिले, तर नमस्कार करून उठा. नोटा तपासायचा जांभळा दिवा मिळाला तर तोही न्या. जुनं लॅकर त्याखाली पिवळट-हिरवट चमकतं, आणि नंतर मारलेला रंग वेगळा, बहुतेक वेळा गडद दिसतो. बाकी गिटार लाकडी रंगाची आणि फक्त हेडस्टॉकच्या मागे काळा पट्टा असेल, तर विचारायला लाजू नका.

हे सगळं मी शिकले ते आमच्या क्वायरसाठी गिटार शोधताना. मिस्साची गाणी आमच्याकडे हिंदीत, वाजवणारे तिघं, गिटार एकच आणि तीही उसनी. मुलांनी कॅरल गाऊन जमवलेले पंधरा हजार रुपये हातात होते. नागपूरला पाहिलेली गिटार फोटोत चकचकीत होती. जांभळ्या दिव्याखाली तिच्या हेडस्टॉकमागे हाताएवढा काळा डाग उमटला. विकणाऱ्याने दुरुस्तीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. गोंदियातली दुसरी गिटार अंगभर भेगांची, आणि तिचा हेडस्टॉक कधीकाळी मोडलेला. पण घरच्या काकूंनी ती पुढे ठेवतानाच सांगितलं, ‘हे इथं तुटलं होतं बघ, ह्यांनी जोडून घेतलं, मग वीस वर्षं वाजवली.’ जोड एकसंध होता, नख अडकत नव्हतं, सूर टिकत होते. आम्ही तीच घेतली.

आपल्या भाषेत विश्वासालाही तडाच जातो, आणि तो सांधत नाही असं म्हणतात. लाकडाचं तसं नाही. लांबट, स्वच्छ मोड चांगल्या डिंकाने नीट आवळून जोडली तर पुन्हा पडली तरी पुष्कळदा ती शेजारच्या लाकडात मोडते, जोडावर नाही. संग्राहकाच्या बाजारात मात्र हेडस्टॉक जोडलेल्या जुन्या गिब्सनची किंमत निम्म्याच्या आसपास येते असं धरतात. म्हणून गिटार जपून ठेवायला घेताय की वाजवायला, हे निघण्याआधी ठरवा. वाजवायला घेत असाल, तर जोडलेल्या गिटारला नुसत्या नावाने नाकारू नका. विकणाऱ्याने तडा स्वतः दाखवला का, तेवढं मात्र लक्षात ठेवा.