तुरुंगातला आजारी माणूस आणि घरच्यांचा हक्क

घरातले कुणी आजारी पडले तर आपण रात्रीबेरात्री रिक्षा बोलावतो, दवाखाना गाठतो, डॉक्टरांना दहा प्रश्न विचारतो. तोच माणूस तुरुंगात आजारी पडला तर? साखर किती, गोळ्या मिळतात का, मोठ्या दवाखान्यात कधी नेणार, काहीच कळत नाही. मुलाकातीत जे ऐकू येईल तेवढेच हाती लागते.

हा प्रश्न थोड्या घरांचा नाही. 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5 लाख 73 हजारांवर कैदी होते. जागा सुमारे 4 लाख 36 हजारांचीच. चारांपैकी तिघे कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा शाबीत न झालेले. त्यांत मुस्लिमांचे प्रमाण लोकसंख्येतील वाट्याहून जास्त आहे.

फादर स्टॅन स्वामी यांचे उदाहरण आपल्याच राज्यातले. ऑक्टोबर 2020 मध्ये अटक झाली तेव्हा ते 83 वर्षांचे होते. कंपवातामुळे हातात पेला धरवत नव्हता. स्ट्रॉ आणि सिपरसाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. मे 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना तळोजा तुरुंगातून खासगी रुग्णालयात हलवले, तेव्हा तिथे कोरोनाचे निदान झाले. 5 जुलैला ते गेले. खटला सुरूही झाला नव्हता.

अशा वेळी घरच्यांनी काय करावे? सर्वांत आधी कागद मागावा. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 53 प्रमाणे तिच्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला, किंवा तो सांगेल त्या माणसाला मिळते. जुन्या आजाराच्या चिठ्ठ्या वकिलामार्फत न्यायालयात द्याव्यात, म्हणजे त्या नोंदीवर येतात. बाहेरच्या रुग्णालयात नेण्यास पोलीस गार्ड नाही म्हणून तारीख हुकत असेल, तर तेही न्यायालयाला लेखी कळवावे. जिवाशी संबंधित माहिती असेल तर माहिती अधिकार कायद्याने 48 तासांत उत्तर मिळायला हवे. वकिलाची फी परवडत नसेल तरी अडू नये. कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे.

दुर्दैवाने कोठडीत मृत्यू झालाच, तर कलम 196 प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते. शक्य तिथे नातेवाइकांना तिची खबर द्यावी आणि हजर राहू द्यावे, असे कायदाच सांगतो. घाईघाईत कोऱ्या कागदावर सही करू नये.

पण घरोघरी अर्ज लिहून हा प्रश्न पुरता सुटणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या मंडेला नियमांनुसार कैद्याला बाहेरच्यांइतकेच चांगले उपचार मिळावेत, आपली वैद्यकीय फाईल पाहता यावी. आपल्या तुरुंगांत हे नियमाने व्हावे, ही मागणी आपण आमदारांकडे लावून धरली पाहिजे.

आपल्यात मात्र घरचे कुणी आत गेले की लोक काय म्हणतील या भीतीने आपण गप्प बसतो. शेजारीही त्या घरी जायचे टाळतात. सूरह अद-दहरमध्ये यतीम आणि मिस्कीन यांच्याबरोबर कैद्यालाही जेवू घालणाऱ्यांची तारीफ आहे. तिथे त्याचा गुन्हा विचारलेला नाही. मग त्याच्या औषधाची चौकशी करायला आपण का लाजावे? विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक मशिदीच्या फलकावर लिहू या, आणि ज्या घरात लिहिता येणारे कुणी नाही, त्यांचा अर्ज आपण लिहून देऊ या.