आर्सेनल : वेंगर आणि आर्टेटा

आर्सेन वेंगर 1996 मध्ये जपानच्या नागोया ग्रॅम्पस क्लबकडून लंडनला आले आणि 2018 पर्यंत टिकले. या 22 वर्षांत 3 लीग विजेतेपदं, 7 एफए कप. 2003-04 चा हंगाम तर एकही सामना न हरता: 26 विजय, 12 बरोबरी. नंतरचा काळ मात्र ओढाताणीचा होता. 2006 मध्ये क्लब हायबरी सोडून एमिरेट्समध्ये गेला, नव्या स्टेडियमचं कर्ज डोक्यावर बसलं, चांगले खेळाडू विकावे लागले. तरीही 2016 पर्यंत सलग 20 हंगाम संघ पहिल्या चारांत राहिला. ही कामगिरी चषकांच्या यादीत दिसत नाही, पण माझ्या मते वेंगर यांचं खरं मोठेपण तिच्यातच आहे.

मधे उनाय एमरी दीड वर्ष होते.

डिसेंबर 2019 मध्ये मिकेल आर्टेटा आले. वेंगर यांच्याच हाताखाली खेळलेले, संघाचे माजी कर्णधार. 2020 चा एफए कप लगेच मिळाला. लीगमध्ये मात्र सलग दोनदा आठवा क्रमांक. क्लबने धीर सोडला नाही, आणि 2023 ते 2025 तिन्ही वर्षी संघ दुसरा आला.

आता आकड्यांची गंमत पाहा. 2023-24 मध्ये आर्टेटांच्या संघाने 28 सामने जिंकून 89 गुण मिळवले. 2003-04 च्या अजिंक्य संघापेक्षा दोन विजय जास्त, गुण फक्त एकाने कमी. तरी चषक 91 गुणांच्या मँचेस्टर सिटीने नेला. वेंगर यांनी पहिली लीग जिंकली ती 78 गुणांवर.