टाळी कुणी घ्यायची?

शिकागोतल्या एका लहानशा नाट्यगृहाच्या रंगमंचावर दोन खुर्च्या. बस्स, एवढंच नेपथ्य. विंगेत प्रॉम्प्टर नाही, कारण प्रॉम्प्ट करायला संहिताच नाही. मागच्या भिंतीला टेकून आठ माणसं उभी. त्यांतला एक मी. वय ५४, मूळ गाव कुडाळजवळचं, पोटापाण्याचा धंदा संगणकाचा, आणि या क्षणी दोन्ही तळहात घामानं ओले. आमच्यातली एक मुलगी पुढे होऊन प्रेक्षकांना म्हणते, "एखादा शब्द सुचवा." अंधारातून कुणीतरी ओरडतं, "छत्री!" झालं! पुढचा अर्धा तास त्या एका छत्रीवर आम्ही आठ जणांनी काढायचा.

या प्रकाराला तिथे 'हॅरोल्ड' म्हणतात. एक शब्द घ्यायचा, त्यावरून सगळ्यांनी मिळून सुचेल ते बोलायचं, आणि त्यातून तीन वेगवेगळे प्रवेश उभे करायचे. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. मग सगळ्यांचा मिळून एक खेळ. त्यानंतर तेच तीन प्रवेश पुन्हा येतात, मधे काळ लोटलेला असतो. पुन्हा खेळ. तिसऱ्या फेरीत सगळे धागे एकमेकांत गुंततात. गुंतले नाहीत तर प्रयोग पडतो. प्रवेश संपवायचा झाला की भिंतीजवळचा कुणीतरी रंगमंचाच्या पुढच्या बाजूनं आडवा धावत जातो. तोच पडदा.

नावामागे काही खोल अर्थ असेल असं मला बरेच दिवस वाटत होतं. तसं काही नाही. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'द कमिटी' नावाची एक नाटकमंडळी होती. तिथे हा प्रकार जमू लागला तेव्हा याला म्हणायचं काय असा प्रश्न पडला, आणि मंडळीतल्या एका संगीतकारानं थट्टेनं 'हॅरोल्ड' म्हटलं. तेच चिकटलं. त्या मंडळीचे दिग्दर्शक डेल क्लोज पुढे शिकागोत आले आणि ऐंशीच्या दशकात शार्ना हाल्पर्न यांच्याबरोबर त्यांनी हा प्रकार घोटून घोटून शिकवला. प्रेक्षकाला हसवायला जाऊ नका, खरं बोला, हसू आपोआप येईल, असं या दोघांचं सांगणं. १९९४ साली किम जॉन्सन यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नावच 'ट्रूथ इन कॉमेडी'. क्लोज १९९९ साली वारले. जाताना आपली कवटी त्यांनी शिकागोच्या गुडमन थिएटरला ठेवली, 'हॅम्लेट'मधल्या यॉरिकच्या कामासाठी! कवटी थिएटरला पोचलीही. ती त्यांची नव्हतीच, विकत आणलेली होती, हे २००६ साली उघड झालं. खरं बोला म्हणणाऱ्याच्या वाट्याला हे यावं!

याचं मूळ मात्र त्याहून जुनं आणि साधं आहे. व्हायोला स्पोलिन नावाच्या बाई १९३०च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत परदेशांतून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांची नाटकं बसवत. मुलांची भाषा एक नाही, रीतभात एक नाही. पाठांतर करून घेणं कठीण. म्हणून बाईंनी खेळ रचले. त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स यांनी त्याच खेळांवर १९५५ साली 'कंपास प्लेअर्स' आणि १९५९ साली 'सेकंड सिटी' या मंडळ्या इतरांच्या साथीनं उभ्या केल्या. परदेशातून आलेल्या पोरांसाठी निघालेले खेळ माझ्यासारख्या परदेशातून आलेल्या प्रौढाला पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर सापडावेत, याची मला गंमत वाटते.

असो. छत्री.

पहिल्या प्रवेशाला माझ्याबरोबर आमच्या गटातल्या एक निवृत्त शिक्षिका पुढे आल्या. साठी ओलांडलेल्या, हळू बोलणाऱ्या. खुर्चीवर बसून त्यांनी हातात नसलेली छत्री हळूच गुंडाळली, बटण लावलं आणि म्हणाल्या, "तुझ्या बाबांची छत्री हॉस्पिटलनं परत पाठवली."

त्यांनी काय समोर ठेवलंय हे मला कळलं होतं. छत्री आली होती, बाबा आले नव्हते. पण त्याच क्षणी डोक्यात एक विनोद तयार झाला आणि तो काही केल्या आवरला नाही. मी म्हटलं, "छत्रीचं बिल किती लावलं?"

अमेरिकेत हॉस्पिटलच्या बिलाचा विषय निघाला की घाव बसलेला माणूस प्रत्येक रांगेत असतो. थिएटर कोसळलं. इतका मोठा हशा मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. आणि त्या हशात मी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या छत्री धरून तशाच बसल्या होत्या. आता बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. मीच उरू दिलं नव्हतं. भिंतीजवळून एक जण धावत आडवा गेला. प्रवेश संपला.

भिंतीला टेकल्यावर मला आमचा मामा आठवला. मामा दशावतारात राजपार्टी करायचा. लहानपणी जत्रेच्या रात्री देवळासमोर मांडी घालून आम्ही त्याला बघायचो. तिथेही नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाक. तेच सिंहासन, तोच पर्वत. आख्यान कोणतं हे खेळाआधी ठरायचं, कथा सगळ्यांना ठाऊक, संवाद मात्र ज्यानं त्यानं उभ्या जागी बोलायचे. एका रात्री स्त्रीपार्टी करणारा नवा पोरगा राजाच्या प्रश्नावर पार गप्प झाला. मामानं क्षणभर वाट पाहिली आणि म्हणाला, "राणी, तुझं हे मौन मला शंभर शब्दांहून कठोर वाटतं." पोरग्याची भीती हा राणीचा रुसवा झाला. त्याला हुरूप आला आणि पहाटेपर्यंत तो झकास बोलला. घरी आल्यावर मामा त्याचीच वाखाणणी करत होता.

'हो म्हणा आणि पुढे न्या' हा हॅरोल्डवाल्यांचा पहिला धडा. तो मी वहीत इंग्रजीतून लिहून घेतला होता. आपल्याकडे त्याला सांभाळून घेणं म्हणतात, हे वहीत लिहिताना ध्यानात आलं नाही.

दुसरी फेरी आली. छत्रीचा प्रवेश पुन्हा व्हायलाच हवा होता. मी पुढे जाऊन उभा राहिलो, काय बोलावं सुचेना. बाई आल्या. त्यांच्या हातात नसलेलं पाकीट होतं. ते त्यांनी फोडलं, वाचलं, घडी केली.

"छत्रीचं बिल आलं," त्या म्हणाल्या. "चाळीस डॉलर." मग जरा थांबून, "बाबांचं अजून आलेलं नाही."

कुणी हसलं नाही. माझा तोच विनोद त्यांनी उचलला, स्वच्छ पुसला आणि माझ्या हातात परत ठेवला. मी काही न बोलता खिसे चाचपले, नसलेल्या नोटा मोजून बाईंच्या हातावर ठेवल्या. पाच डॉलर कमी पडत होते. बाईंनी पर्स उघडली. तेव्हा कुठे पहिल्या रांगेतलं कुणीतरी हसलं, मग सगळेच, पण हा हशा निराळा होता. त्यात नाक ओढल्याचे आवाजही होते.

तिसऱ्या फेरीत दुसऱ्या प्रवेशातले वाट चुकलेले गिर्यारोहक आमच्या दारात छत्री मागायला आले आणि प्रयोग संपला. बरा झाला. बाहेर पडताना मी बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "कशाबद्दल? बिल तू आणलंस म्हणून तर मी ते फोडू शकले."

रविवारी मामाला फोन केला. त्याला आता ऐंशी उलटली आहेत, ऐकू कमी येतं. सगळं दोनदा सांगावं लागलं. पहिल्या प्रवेशाचं सांगितल्यावर तो म्हणाला, "टाळी तू घेतलंस. मगे त्या बायेन काय करूचा?" मी गप्प. मग पुढचं, चाळीस डॉलरचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. लाईन तुटली असं वाटून मी हॅलो हॅलो करायला लागलो.

"आसंय रे," मामा म्हणाला. "ती बाय खयच्या कंपनीतली?"