मांडवी-जुवारीचे खारे-गोडे वर्ष

नदी जेथे समुद्रास मिळते तेथले पाणी ना पुरते नदीचे, ना पुरते समुद्राचे. दोघांचाही अंमल तेथे चालतो, आणि त्या अंमलाची हद्द दर भरती-ओहोटीला व दर ऋतूला सरकत राहते. अशा नदीमुखांचे जे शास्त्र विसाव्या शतकाच्या मध्यास आकारास आले, ते बव्हंशी अमेरिकेतील चेसापीक उपसागरासारख्या, वर्षभर नद्यांचे पाणी थोड्याफार प्रमाणात घेत राहणाऱ्या जलाशयांच्या निरीक्षणावर उभे होते. डोनाल्ड प्रिचर्ड यांनी १९५० च्या दशकात नदीमुखांची जी वर्गवारी केली, तिच्या मागे एक सोयीचे गृहीत होते: नदी जितके मीठ बाहेर लोटते तितकेच समुद्र आत धाडतो, आणि म्हणून मिठाचा जमाखर्च सरासरीने जुळतो. गोव्याच्या मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या बाबतीत मात्र हे गृहीत टिकत नाही.

कारण उघड आहे. या नद्यांतून वर्षभरात वाहणाऱ्या पाण्याचा फार मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येऊन जातो, आणि तो नदीमुखात एका वेळी मावणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट असतो. उन्हाळ्यात मुखापाशी समुद्राप्रमाणेच दर किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. आषाढात त्याच जागी वरचे पाणी जवळजवळ गोडे होते आणि जड खारे पाणी तळाशी पाचरीसारखे घुसून राहते. पाऊस ओसरला की भरती-ओहोटीच्या ढवळण्याने हे दोन थर एकजीव होऊ लागतात आणि मीठ हळूहळू वर सरकते, इतके हळूहळू की मे महिना उजाडतो तरी ते स्थिरावलेले नसते. आणि तोवर पुढचा पावसाळा दाराशी येतो. सारांश, येथे समतोलाची स्थिती वर्षातून कधीच येत नाही. पावसाने मीठ धुऊन निघाल्यावरच खाजणात भात लावणाऱ्या शेतकऱ्यास आणि पावसाळा संपल्यावरच आगरात पाणी घेणाऱ्या मिठागरवाल्यास हे कोणी सांगावयास नको होते. पण मिठाच्या या येण्या-जाण्याची गती आकड्यांत मांडावयाची तर वर्षभर त्याच त्या जागी जाऊन पाणी तपासावे लागते, आणि हे काम कंटाळवाणे असल्यामुळेच फार उशिरा झाले.

ते करण्याची सोय दोना पावला येथे होती. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम आटोपताच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले, आणि कालांतराने या दोन नद्यांच्या मध्यावरचे ते टेकाड संस्थेचे कायमचे ठिकाण ठरले. तेथील सतीश शेट्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दोन्ही नद्यांच्या काठी ठिकठिकाणी भरती-ओहोटीची नोंद घेतली. खुणा आखलेली काठी पाण्यात रोवून ठराविक वेळी पाणी कोठवर चढले ते वाचावयाचे, रात्री-अपरात्रीही वाचावयाचे, इतकीच ती रीत. तिच्यातून निघालेला निष्कर्ष मात्र मोठा मनोवेधक आहे. तळाच्या घर्षणाने भरतीची उंची आत जाता जाता घटत जावी, अशी आपली सामान्य अपेक्षा. येथे ती सुमारे चाळीस किलोमीटरपर्यंत जवळजवळ तशीच टिकते आणि मग, नदीचा तळ चढू लागला की, झपाट्याने मावळते. पात्र आत अरुंद होत गेल्याने भरतीचा जोर एकवटतो, घर्षणाने तितकाच खर्ची पडतो, आणि दोहोंची बेरीज-वजाबाकी जुळते.

नदीमुखाबाहेरच्या उथळ समुद्राची कथा निराळी, आणि माझ्या मते अधिक चिंतनीय आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत खोल समुद्रातील प्राणवायू कमी असलेले थंड पाणी किनाऱ्याकडे वर चढते. त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचे पातळ झाकण बसते, आणि हवेतला प्राणवायू खाली पोहोचत नाही. कांदोळीसमोर ठरलेल्या जागी नमुने घेतात तेव्हा बुडबुडा शिरू न देता कुपी काठोकाठ भरून तिच्यात मँगनीजचे व आयोडाइडचे द्रावण सोडतात: प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढराच राहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाजवळच्या नमुन्यात साका पांढरा पडतो, आणि कधी कधी तर सडक्या अंड्यांचा दर्प देणारा हायड्रोजन सल्फाइडही निघतो. एस. डब्ल्यू. ए. नक्वी व सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले की, या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड हा वातावरण तापविणारा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. आणि शेतातून वाहून येणाऱ्या खतांचा या ऱ्हासास हातभार लागत असावा, अशी शंकाही त्यांनी मांडली. येथे घाईने निवाडा देणे बरे नव्हे, कारण अशी प्राणवायूची टंचाई या किनाऱ्यावर निसर्गतःच पडते. खतांचा वाटा तिच्यातून वेगळा काढावयाचा तर एका वर्षाची नोंद उपयोगाची नाही, त्याच जागेवरचे, त्याच महिन्यांतले अनेक वर्षांचे आकडे एकमेकांशेजारी मांडूनच ते ठरवावे लागेल.