पिल्लांना दिवसा उन्हाची ऊब


गारठ्यात कोंबडीच्या पिल्लांची मरतुक वाढते. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. दिवसा वीज गेली तर घरगुती सौर हीटरचा आधार होतो.

🔸 उथळ लाकडी पेटीत काळा रंगवलेला पत्रा बसवा, वर काच लावा. रंगाचा वास गेल्यावरच वापरा.
🔸 खाली-वर एकेक भोक ठेवून जाळी लावा. खालून गार हवा शिरते, तापून वरच्या भोकातून शेडमध्ये जाते.
🔸 पेटी दक्षिणेकडं तोंड करून जमिनीपासून ३५ अंश तिरपी ठेवा.
🔸 सूर्य मावळताच भोकं बंद करा, नाहीतर शेडमधली ऊब बाहेर जाते. रात्री बल्ब लागतोच.

पिल्लं एकमेकांवर गोळा झाली, तर ऊब कमी पडते. हवेच्या भोकापासून लांब पळाली, तर जास्त होते.