संततिनियमनाचीं दोन साधनें

रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, तेव्हां हा विषय नुसता उच्चारणेंही असभ्य गणलें जाई. आज निरोध कोणत्याही औषधांच्या दुकानांत मिळतो. पण तो वापरण्याची रीत अजून कुजबुजींतूनच कळते, व म्हणूनच चुकते.

व्यवहारांत निरोधावर विसंबणाऱ्या शंभर स्त्रियांपैकीं वर्षाकाठीं सुमारें १३ जणींना गर्भ राहतो. प्रत्येक वेळीं बिनचूक वापरल्यास अवघ्या दोघींना. हें अंतर रबराचें नव्हे, संवयीचें आहे. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावलें कीं रबर कांहीं मिनिटांतच दुबळें होतें. वंगण हवेंच तर पाण्यांत मिसळणारें घ्यावें. चढवितांना टोकाशीं हवा राहूं देऊं नये, आणि स्खलनानंतर पतीनें तो तळाशीं धरून लगेच दूर व्हावें.

शुक्रजंतुनाशक गोळी एकटी फारच अपुरी. तिच्यावर भिस्त ठेवणाऱ्या शंभरांत सुमारें २१ जणी वर्षभरांत गरोदर होतात. निरोधाच्या जोडीला ती चालते; विरघळण्यास दहा-पंधरा मिनिटें द्यावीं, व नंतर सहा तास आंतून धुऊं नये. मात्र तींतील नॉनॉक्सिनॉल-९ वारंवार वापरल्यास योनीचें नाजूक अस्तर सोलवटतें व एच.आय.व्ही.चा धोका उलट वाढतो. तशी शंका असेल तेथें गोळी नकोच. निरोध फाटलाच, तर ७२ तासांच्या आंत आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी घ्यावी. जितकी लवकर तितकी बरी.