भाड्याच्या कागदाआडची विक्री

उमरग्यात मी दस्त लिहिण्याचं आणि भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी करून देण्याचं काम करते. पुणे-हैदराबाद महामार्गावरचं हे आमचं तालुक्याचं गाव. पाऊस दगा देतो, शेतात काम उरत नाही आणि घरंच्या घरं याच रस्त्यानं पुण्याला नाही तर हैदराबादला निघतात. मागं राहतं कुलूप लावलेलं घर. मग माणसं विचारायला येतात, "ताई, घर योजनेतून मिळालंय, इकता येत नाही म्हणतात. मग भाड्यानं तर देता येतं ना?"

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर घराघरागणिक बदलतं.

म्हाडाच्या सोडतीत लागलेलं घर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं विकता येत नाही. भाड्यानं मात्र देता येतं, पण म्हाडाची परवानगी घेऊनच. आपला धाराशिव जिल्हा म्हाडाच्या छत्रपती संभाजीनगर मंडळात येतो. पुण्यात घर लागलं असेल तर पुणे मंडळाकडे जायचं. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेल्या घराची अट याहून कडक आहे. तिथं सुरुवातीच्या ठरावीक वर्षांत विक्री, बक्षीसपत्र आणि भाडेपट्टा या तिन्हींना कायद्यानंच मनाई आहे.

गावाकडचं घरकुल आणखी वेगळं. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात किमान 25 चौरस मीटरच्या घरासाठी 1 लाख 20 हजार रुपये हप्त्याहप्त्यानं मिळतात. घर शक्यतो बाईच्या नावावर किंवा नवराबायको दोघांच्या नावावर असतं. हे पैसे त्या कुटुंबानं स्वतः राहावं म्हणून दिलेले असतात. त्यामुळे मंजुरीचा आदेश आणि सही केलेलं करारपत्र वाचल्याशिवाय कुणालाही किल्ली देऊ नये. जागा सरकारनं दिलेली असेल तर सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' आहे का तेही बघावं. तशी नोंद असली की ती जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

आमच्या भागात भूकंपातल्या पुनर्वसनाची घरंही आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे गावं कोसळली. पुढं जमीनधारणा बघून 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरं बांधून देण्यात आली. त्या वेळच्या कर्त्या माणसाच्या नावानं असलेलं घर आज तीन भाऊ वापरतात. अशा घराचा करार करताना मी आधी कबाला, म्हणजे घराचा मालकीचा कागद मागते, वारसनोंद झाली का ते विचारते आणि सगळ्या वारसांची संमती घ्यायला लावते.

लोहारा तालुक्यातल्या एक मावशी मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. सोबत घर घेणारा माणूस होता. स्लॅबच्या दोन खोल्यांचं घरकुल, मावशींच्या नावावर. मुलाला चाकणला काम लागलेलं, घरचे सगळे निघायच्या तयारीत. घेणाऱ्यानं मजकूर लिहूनच आणला होता: नव्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा, भाड्याचे दोन लाख रुपये एकरकमी पोचले, घरावर आमचा काही हक्क राहिला नाही.

"भाडंच लिवायलाव की आपण, इक्री कुठं लिवलीय?" मावशी म्हणाल्या.

नाव भाड्याचं, पण मजकूर विक्रीचा होता. महाराष्ट्रात आपण सहसा जो अकरा महिन्यांचा करार करतो तो 'लिव्ह अँड लायसन्स'. त्यात राहायची फक्त परवानगी मिळते, घरावर हक्क तयार होत नाही. भाडेपट्ट्यात ठरलेल्या मुदतीसाठी हक्कच दुसऱ्याकडे जातो. 'हस्तांतर करू नये' अशी अट असलेल्या घराचा नव्याण्णव वर्षांचा पट्टा केला की ती अट मोडलीच. नोटरीचा शिक्का मारून त्यातून सुटका होत नाही. नुसता करार किंवा मुखत्यारपत्र करून मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली स्पष्ट केलंय. म्हणजे घेणाऱ्याचे दोन लाख बुडायची भीती आणि देणाऱ्याचं घर हातचं जायची. वर एकदा लाभ घेतलेल्या कुटुंबाला पुन्हा घरकुल मिळत नाही ते वेगळंच.

मी त्यांना विचारलं, "पैसे नेमके कशाला पाहिजेत?" मुलगा म्हणाला, चाकणच्या खोलीचं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचा किराणा, सगळं धरून तीस हजार. तीस हजारांसाठी हक्काचं घर चाललं होतं. मावशींनी बचत गटाकडून कर्ज घेतलं. घर त्यांच्या नावावर राहिलं.

भाड्यानं द्यायला हरकत नाही असं कागदोपत्री पक्कं झालं, की पुढचं काम सरळ आहे. परवानगी लेखी घ्यावी. करार ज्याच्या नावावर घर आहे त्यानंच करावा. नावं दोन असतील तर अंगठे दोघांचे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, नोंदणी फी गावात 500 आणि नगरपरिषदेच्या हद्दीत 1000 रुपये. डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढं असावं. समोरचा घराच्या किमतीएवढं डिपॉझिट देऊ लागला तर त्याला भाड्यानं राहायचं नाही, घर घ्यायचंय, हे ओळखावं.

विक्रीवरची बंदी मला मनापासून पटते. दवाखान्याचं बिल, मुलीचं लग्न, सावकाराचा तगादा यांपैकी काहीही अंगावर आलं की गरिबाचं घर सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्वस्तात जातं. ती अट त्याच्या बाजूनं उभी असते. पण पोटासाठी दोन-तीन वर्षं बाहेर राहणाऱ्याचं घर बंद ठेवून ना त्याचं भलं होतं ना गावाचं. सिंगापूरमध्ये बऱ्याच सरकारी घरांत आधी पाच वर्षं स्वतः राहावं लागतं. त्यानंतर तिथल्या नागरिकाला मंजुरी घेऊन पूर्ण घर भाड्यानं देता येतं. नियम सगळ्यांना ठाऊक असतो. घरकुलासाठीही तसाच उघड नियम हवा: काही वर्षं स्वतः राहिल्यावर, कामासाठी बाहेर जाणाऱ्या कुटुंबाला पंचायत समितीकडून ठरावीक मुदतीची भाड्याची परवानगी, एका पानाच्या अर्जावर. अंगणवाडीच्या ताईला, बदलून आलेल्या शिक्षकाला गावातच खोली मिळेल आणि चाकणच्या खोलीच्या भाड्याला मावशींचा हातभार लागेल. सरळ वाट असली की नव्याण्णव वर्षांचे कागद घेऊन कुणी माझ्या टेबलापर्यंत येणार नाही.